असं का होतं? : व्हाइटफील्डवरचं वादळी आभाळ

नोव्हेंबरअखेर बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये कधीकधी दोन-तीन दिवस ऊन दिसत नाही, नुसती गार झिमझिम. कारण असतं अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर, बंगालच्या उपसागरात. ३० नोव्हेंबर २०२४ला ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं, आणि बंगळुरूही भिजलं.

मग भर पावसाळ्यात अशी मोठी चक्रीवादळं क्वचितच का? समुद्र तेव्हाही उबदार असतो, वाफही मुबलक. पण खालून पश्चिमेचे आणि उंचावरून पूर्वेचे जोरदार वारे वाहतात. वादळाचा ढगांचा खांब सरळ उभा राहावा लागतो. या ओढाताणीत तो मडक्यांच्या उतरंडीसारखा कलंडतो. म्हणून वादळांचे हंगाम दोन: मान्सूनच्या आधी आणि नंतर.

पुढच्या हंगामाचा अंदाज वादळाची तारीख सांगत नाही, कल सांगतो. प्रशांत महासागरात ‘ला निना’ (तिथलं पाणी नेहमीपेक्षा थंड) असेल, तर मान्सूननंतर उपसागरात जोरदार वादळांना वाव मिळतो. हिंदी महासागराची पश्चिम बाजू जास्त तापली, तर अरबी समुद्र खवळतो. २०१९मध्ये तिथे ५ चक्रीवादळं झाली. एरवी वर्षाला सरासरी एखादंच! हा कल आधी कळला, तर पावसाआधीच व्हाइटफील्डजवळच्या वर्तूर तलावाकडे जाणारे नाले वेळेत उपसता येतील. मला त्याचं मोल सर्वांत जास्त वाटतं.