खिरापतीत गहू आहे का?

इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेटमा लागते. काळ्या मातीचा हा माळवा. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. पितृपक्ष लागला की या भागातील मुली भिंतीवर शेणाने ‘संजा’ रेखाटतात, फुलांनी सजवतात आणि सायंकाळी एकमेकींच्या घरी जाऊन गाणी म्हणतात. आरतीनंतर प्रसाद येतो तो झाकलेल्या भांड्यात. आत काय आहे ते मैत्रिणींनी ओळखायचे, मगच झाकण निघते. ज्यांनी भोंडल्याची खिरापत ओळखली आहे, त्यांना या खेळाची गोडी वेगळी सांगायला नको. होळकरांच्या काळापासून या परिसरात वसलेल्या मराठी घरांतील मुलींना तर दोन्ही खेळ परिचित.

सिलिअ‍ॅक हा आजार असलेल्या मुलीसाठी मात्र याच खेळात धोका दडलेला असतो. शिरा, पंजिरी, शंकरपाळे, बिस्किटे, चुरमा. झाकणाखालचे बहुतेक पदार्थ गव्हाचे. ती ओळखते सर्वांत आधी आणि खाऊ शकत नाही.

बोलीभाषेत या आजाराला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात, पण ती ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील सूक्ष्म उंचवटे झिजतात. मग जुलाब, फुगलेले पोट, न वाढणारी उंची, गोळ्या देऊनही न हटणारा रक्तक्षय. औषध एकच : आयुष्यभर ग्लुटेनविना आहार. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, त्या उपासमारीच्या दिवसांतही या आजाराची मुले सुधारत असल्याचे त्यांना दिसले. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला.

हा आजार पाश्चात्त्यांचा, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात उत्तर भारतात या आजाराशी निगडित प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आहारातील गव्हाचे कमी-अधिक प्रमाण हे या तफावतीचे एक प्रमुख कारण मानले जाते. दाल-बाफल्यांचा माळवा आणि भाताचा गोवा यांतील अंतर येथे लक्षात यावे. अर्थात, सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा पाव आणि पोळी गोव्याच्या घराघरांत आहेच.

‘एवढ्याशा तुकड्याने काय होते?’ हा प्रश्न प्रत्येक सणाला विचारला जातो, बहुधा प्रेमानेच. उत्तर कठोर आहे. रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास आतड्याला इजा होऊ शकते, असे २००७ मधील इटालियन अभ्यासात दिसले. एका पोळीत ते काही ग्रॅम असते. शिवाय मूल लगेच आजारी पडेलच असे नाही. आतील झीज निमूटपणे सुरू राहते. ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असे सांगणाऱ्या आजीला हीच गोष्ट समजावणे सर्वांत अवघड जाते, कारण तिच्या डोळ्यांसमोर काहीच घडत नाही.

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविनच्या रात्री मुले वेष धारण करून घरोघरी गोळ्या-चॉकलेटे गोळा करतात. तेथील सिलिअ‍ॅक मुलांच्या पालकांनी शोधलेला मार्ग साधा आहे. मूल इतरांसारखेच पिशवी घेऊन फिरते, मात्र घरी येईपर्यंत काहीही तोंडात टाकत नाही. नंतर टेबलावर सारे पसरून वेष्टने वाचली जातात. चालणारे एका बाजूला, न चालणारे दुसऱ्या. दुसऱ्या ढिगाच्या बदल्यात घरात आधीच आणून ठेवलेला खाऊ किंवा खेळणे मिळते. २०१४ पासून अन्नाच्या ॲलर्जीसंबंधी काम करणाऱ्या तेथील संस्थेने निळसर-हिरव्या रंगाच्या भोपळ्याची खूण देशभर रूढ केली. ज्या दारात तो भोपळा, तेथे खाऊऐवजी पेन्सिल, भिंगरी अशा वस्तूही मिळतात.

आपल्याकडे अडचण निराळी. हॅलोविनचा खाऊ वेष्टनात येतो, खिरापत कढईतून येते. वेष्टित पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख बंधनकारक आहे आणि ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे तर प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवे. शेजारच्या काकूंच्या डब्याला असा कागद नसतो. बेसनाची शेव निर्धोक वाटते. पण बाजारच्या हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो, आणि ज्या तेलात कचोरी तळली त्याच तेलात शेव पडते. उपवासाचे राजगिरा-शिंगाड्याचे पीठसुद्धा गव्हाच्याच गिरणीवर दळलेले असेल तर उपयोगाचे नाही. चॉकलेटांत वेफरवाली टाळायची हे मुलांना लवकर कळते. माल्ट म्हणजे बहुधा जव, हे मोठ्यांनाही ठाऊक नसते.

म्हणून पालकांना आरतीच्या वेळी नव्हे, दोन दिवस आधी बोलावे लागते. यजमानीण एक दिवस शेंगदाण्याची चिक्की, खोबऱ्याची वडी, तिळाचा लाडू किंवा साखरफुटाणे ठेवू शकते, तेही सर्वांसाठी. एकीला वेगळी वाटी दिली की खेळ मोडतो. ज्या घरी हे शक्य नाही तेथे मुलीने प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि घरी आणून बदलून घ्यावा. तसेच, संशय येताच गहू बंद करू नये. आधी रक्ततपासणी व डॉक्टर सांगतील ती दुर्बिणीची तपासणी व्हावी. गहू सुटलेला असताना तपासणी फसवी ठरू शकते.

गोव्यात हीच मुले चवथीला घरोघरी आरतीसाठी फिरतात. नेवऱ्या मैद्याच्या, म्हणून त्या वर्ज्य. उकडीचे मोदक, पातोळ्या, मणगणे चालते. दिवाळीचे फोव तर मुळातच तांदळाचे. नाताळच्या कुसवारात बेबिंका, कलकल आणि रव्याचे बोलिनास बाजूला सारावे लागतात. तांदळाचा दोदोल आणि चण्याच्या डाळीचा दोस उरतो, एवढेच की कापताना सुरी तीच नको.