मालगाडीची सुरुवातीची डिझेल इंजिने

• डब्ल्यूडीएम-१ : अमेरिकेच्या आल्को कंपनीची १०० इंजिने. आयात १९५७ पासून. १२ सिलिंडर, १,९५० अश्वशक्ती. चालककक्ष एकाच टोकाला. मुख्य काम पूर्व भारतातील खनिजाच्या गाड्या ओढण्याचे.

• डब्ल्यूडीएम-२ : १९६२ पासून. १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. वाराणसीच्या कारखान्यातून पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये. पुढची कित्येक दशके भारतीय डिझेलचा कणा हेच.

• अक्षरे : डब्ल्यू ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड नॅरोगेज. डी म्हणजे डिझेल. एम प्रवासी व माल दोन्हींसाठी, जी फक्त मालासाठी.

• आपल्याकडे : सिल्लोडला रेल्वे नाही. आपल्या जिल्ह्यातून जाणारा मनमाड–छत्रपती संभाजीनगर मार्ग आधी मीटरगेज होता. त्या रुळांवर ब्रॉडगेजची ही दोन्ही इंजिने चालू शकत नव्हती. मीटरगेजसाठी आल्कोचेच वेगळे इंजिन होते, वायडीएम-४.