फ्यूज घर वाचवतो, पण तुम्हाला?

मुलांनो, परीक्षा जवळ आली की ओहमचा नियम पाठ करायची धांदल उडते ना? विभवांतर = विद्युतधारा × रोध. जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेत शिकवणाऱ्या जॉर्ज ओहम यांनी प्रयोग करून हा नियम शोधला आणि 1827 साली ग्रंथरूपाने मांडला. आज तो नुसता घोकायचा नाही, घरात वापरून बघायचा. कागद-पेन्सिल घ्या. वायरला मात्र हात लावायचा नाही हं!

गणित पहिले : घरातला दाब 230 व्होल्ट. इस्त्री 1000 वॉटची. वॉटला व्होल्टने भागा. धारा आली सुमारे 4.3 अँपिअर. आता 230 ला 4.3 ने भागा. इस्त्रीचा रोध निघाला सुमारे 53 ओहम. त्याच बोर्डावर दुसरी तशीच इस्त्री लावली तर? जोडणी समांतर, म्हणून धारांची बेरीज होते : 8.7 अँपिअर. 5 अँपिअरचा फ्यूज तापून वितळतो, प्रवाह तुटतो. वायर जळत नाही, आग लागत नाही. शाब्बास, फ्यूज!

गणित दुसरे : ओल्या हाताने उघड्या वायरला स्पर्श झाला. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहमपर्यंत उतरू शकतो. 230 भागिले 1000 म्हणजे 0.23 अँपिअर. आता सांगा, 5 अँपिअरचा फ्यूज उडेल का? मुळीच नाही! पण 0.1 अँपिअर धारा छातीतून गेली तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

कळलं? फ्यूज वायरचा राखणदार आहे, तुमचा नाही. मिनी सर्किट ब्रेकरचंही तसंच. माणसासाठी वेगळं उपकरण असतं. इलेक्ट्रिशियन त्याला आरसीसीबी म्हणतात. जाणारी आणि परतणारी धारा ते सतत ताडून पाहतं. साधारण 0.03 अँपिअरचा फरक पडला, की क्षणार्धात वीज बंद! आपल्या घरी ते आहे का, हे आई-बाबांना आजच विचारा. आणि ते असलं तरी ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही, बरं का.

आता तुमची पाळी : 2000 वॉटचा गिझर किती धारा घेईल? तो 5 अँपिअरच्या साध्या प्लगवर का चालवू नये?

(उत्तर : सुमारे 8.7 अँपिअर. कारण मात्र स्वतःच्या शब्दांत लिहा. परीक्षेत मार्क त्यालाच मिळतात!)