सगळीच मूळव्याध नसते

परसाकडे रक्त पडले की आपण म्हणतो, "मूळव्याध झाली." मग झाडपाला सुरू होतो. पण रक्त पडण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले एक आज समजून घेऊ.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. बंडीला आतून अस्तर असते, तसे गुदाशयालाही मऊ, ओलसर अस्तर असते. रोज जोराने कुंथले की ते सैल होऊन खाली घसरते. घसरून चेपले, की त्याला रक्त नीट पोचत नाही.

पुढे सर्वांचे सारखे होत नाही. कोणाचे अस्तर नुसते लाल होते. कोणाला जखम होते. कोणाला गाठ येते. कोणाला रक्त, तर कोणाला आव पडते. काहींचे अस्तर बाहेरच येते. त्याला आपण आमण म्हणतो. कित्येकांना सारखे वाटते, पोट साफ झाले नाही. म्हणून ते आणखी कुंथतात. दुखणे आणखी वाढते!

हा कर्करोग नव्हे. पण कर्करोगाची गाठही अशीच दिसू शकते. म्हणून डॉक्टर नळीने आत पाहतात. लहानसा तुकडा काढून तपासतात. तेव्हाच खरे काय ते कळते.

पालेभाज्या, कडधान्ये, फळे खावीत. पाणी भरपूर प्यावे. कुंथत बसू नये. बोटाने मळ काढू नये. पुष्कळांना एवढ्याने आराम पडतो. थोड्यांना शस्त्रक्रिया लागते.

बाबांनो, बायांनो, जागा लाजेची खरी. पण दुखण्याला लाज कसली? रक्त दिसले की दवाखाना गाठा.