आकडा कालचा की महिन्यापूर्वीचा?

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात साथीच्या काळात दवाखान्याची बातमी दोन वाटांनी येते: पेपरातून आणि गावच्या माणसाच्या तोंडून. दोन्हींचा मेळ बसला नाही, की लोक पेपरावर अविश्वास दाखवतात. ही फट पडते कुठे?

पहिलं कारण वेळेचं. मार्च २०२० च्या अखेरीस बुलढाण्यात उपचार घेणारा एक रुग्ण दगावला. तो करोनाबाधित होता हे नंतर आलेल्या अहवालातून कळलं. आधी मृत्यू, मग निदान. मधल्या वेळेत अफवांना मोकळं रान मिळतं.

दुसरं कारण नोंदींचं. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने पूर्वी नोंदवायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकूण आकड्यात मिळवले. त्यांतले ८६२ मुंबईतले होते. ताळमेळ घालणं योग्यच. पण ठळक मथळा पाहून ही माणसं एकाच दिवशी गेली असं वाटू शकतं.

तिसरं कारण बंद दाराचं. नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नसला, की आत काय चाललंय याच्या कहाण्या बाहेर रचल्या जातात. हे नवं नाही. १८९६ च्या प्लेगात अशाच संशयातून मुंबईच्या ऑर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता.

म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: आकडा कोणत्या तारखेचा, तो दिला कुणी, आणि बातमीदार स्वतः रुग्णालयात गेला होता का. डोळे झाकून विश्वास नको, तसा सरसकट अविश्वासही नको.