धूसर नजरेची सही
आरमोरीत धानाचा चुकारा उचलताना मोतीबिंदू झालेल्या आजोबांची सही जुन्या सहीशी जुळली नाही, तर लगेच खोटेपणाचा संशय घेणे अन्यायाचे आहे. नजर अधू झाली की शिरोरेखा अक्षरांपासून सुटते, ओळ घसरते, अक्षरे एकमेकांवर चढतात. खाली पट्टी धरली असेल तर त्यांची बुडे सपाट होतात. हाताचे वळण मात्र बहुधा टिकते. नक्कल करणारा आकार जुळवतो, पण रेघ अडखळते, पेन नको तिथे उचलला जातो. असा फरक ओळखणाऱ्या हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ खाली पुराव्यात येते. मात्र तपासणीला नजर गेल्यानंतरच्या, त्याच सुमाराच्या निर्विवाद सह्याही द्यायलाच हव्यात: बँकेच्या स्लिपा, सोसायटीचे अर्ज, पेन्शनचे कागद.