एलईडी दिवे

एलईडी दिवा हा अर्धवाहक पदार्थातून वीज वाहताना थेट प्रकाश निर्माण करणारा विद्युत दिवा होय. 'लाइट एमिटिंग डायोड' या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. मराठीत 'प्रकाश-उत्सर्जक डायोड' असा पर्याय असला तरी बोलण्यात आणि दुकानांत 'एलईडी' हाच शब्द रूढ आहे. ६० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बइतका उजेड साधारण ९ वॅटचा एलईडी दिवा देतो.

कार्य

तारेच्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून पांढरीशुभ्र होते आणि त्या उष्णतेतून प्रकाश मिळतो. खर्च होणाऱ्या विजेचा फार थोडा भाग प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेली वीज उष्णतेत जाते. एलईडीमध्ये तार नसते. इलेक्ट्रॉनांचे आधिक्य असलेला आणि त्यांची उणीव असलेला असे अर्धवाहकाचे दोन थर एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्या सांध्यापाशी इलेक्ट्रॉन रिकाम्या जागा भरतात आणि त्या वेळी सुटणारी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. प्रकाशाचा रंग अर्धवाहक कोणता आहे यावर ठरतो.

दिव्याची कार्यक्षमता दर वॅटमागे मिळणाऱ्या ल्युमेनमध्ये मोजतात. तारेचा बल्ब दर वॅटमागे १२ ते १५ ल्युमेन, सीएफएल ५० ते ७० आणि सध्याचे घरगुती एलईडी ८० ते १०० किंवा त्याहून अधिक ल्युमेन देतात. वॅट हे उजेडाचे माप नसून खर्चाचे माप आहे, ही गोष्ट ग्राहकांच्या अजूनही सहज लक्षात येत नाही.

इतिहास

स्फटिकातून वीज वाहताना प्रकाश दिसतो, हे हेन्री राऊंड यांनी १९०७ मध्ये सिलिकॉन कार्बाइडवर प्रयोग करताना नोंदवले. १९२० च्या दशकात रशियातील ओलेग लोसेव यांनी या घटनेचा अधिक सखोल अभ्यास केला. दृश्य तांबडा प्रकाश देणारा उपयुक्त डायोड १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत निक होलोन्याक यांनी तयार केला. पुढे तांबडे आणि हिरवे ठिपके रेडिओ, गणकयंत्रे व घड्याळांत दिसू लागले, परंतु त्यांनी खोली उजळणे शक्य नव्हते. पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्याची आवश्यकता होती, आणि निळा डायोड सुमारे तीन दशके संशोधकांना हुलकावणी देत राहिला.

ही अडचण गॅलियम नायट्राइड या पदार्थाची होती. त्याचे निर्दोष स्फटिक वाढवणे अत्यंत कठीण असल्याने बहुतेकांनी तो मार्ग सोडून दिला. जपानमधील इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांनी तो सोडला नाही. नाकामुरा यांनी निचिया या कंपनीत काम करताना १९९३ मध्ये प्रखर निळा डायोड सिद्ध केला. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवला की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा प्रकाश दिसतो. घरातील बहुतेक एलईडी दिवे याच पद्धतीचे असतात. या तिघांना २०१४ चा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला.

आटपाडी व परिसर

सांगली जिल्ह्यातील आटपाडी हा माणदेशातील अवर्षणप्रवण तालुका असून संस्थानी काळात तो औंध संस्थानात होता. त्याच काळात कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडी येथे ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. तेथे तयार होणारा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. वीज येण्यापूर्वी रॉकेलची चिमणी, कंदील आणि लग्नकार्यात गॅसबत्ती एवढीच ग्रामीण घरांची प्रकाशसाधने होती. काच रोज राखेने पुसणे, वात कातरणे आणि रॉकेल पुरवून वापरणे हा दिनक्रमाचा भाग असे.

वीज आल्यावर बल्ब व नंतर ट्यूबलाइट आली, तथापि वाहिनीच्या टोकाच्या वस्त्यांवर दाब कमी असला की ट्यूब नुसती लुकलुकत राही. चांगल्या एलईडी दिव्यातील 'ड्रायव्हर' नावाचे मंडल दाबातील बराच चढउतार सोसते आणि कमी दाबावरही दिवा लागतो. ग्रामीण भागात एलईडीचा स्वीकार झपाट्याने होण्यामागे बिलाइतकेच हेही कारण म्हणावे लागेल.

दुसरा उपयोग शेतातला. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत पोचले आहे. राज्यात कृषिपंपांना अनेक वर्षे आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याची पद्धत राहिली. रात्रपाळी आली की पाणी पाजण्यासाठी अंधारात शेतात जावे लागते, आणि पायाखालच्या सापाविंचवाचे भय असते. डोक्याला बांधायची, चार्जिंगची एलईडी बॅटरी दोन्ही हात मोकळे ठेवते व एका चार्जिंगवर बराच वेळ चालते. जुन्या सेलच्या बॅटरीला हे साधत नव्हते.

उजाला योजना व घरगुती बचत

केंद्र शासनाची 'उजाला' योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने बल्बांची एकगठ्ठा खरेदी केल्याने खरेदीची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरली. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. त्यांपैकी सुमारे २ कोटी २० लाख महाराष्ट्रातील आहेत.

६० वॅटचे चार बल्ब रोज पाच तास लावल्यास महिन्याला ३६ युनिट वीज लागते. ९ वॅटच्या चार एलईडींना ५.४ युनिट पुरते. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी व त्यापुढील युनिटांचा बराच जास्त असतो. त्यामुळे शंभरीच्या काठावरील कुटुंबाला ही ३० युनिटांची बचत तिच्या आकड्यापेक्षा मोठी ठरते.

निवड व मर्यादा

वेष्टनावर २५,००० तासांचे आयुष्य छापलेले असले तरी ते मुख्यतः डायोडला लागू पडते. दिवा बहुधा ड्रायव्हर बिघडल्याने बंद पडतो, आणि ड्रायव्हरचा शत्रू उष्णता होय. बंदिस्त घुमटीत बसवलेला किंवा उन्हाने तापलेल्या पत्र्याला लागून असलेला दिवा लवकर जातो. भारतात एलईडी दिव्यांवर ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारांकन २०१८ पासून सक्तीचे आहे. बिननावाचा स्वस्त दिवा घेण्यापूर्वी ते पाहणे इष्ट.

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात. २,७०० ते ३,००० केल्विनचा प्रकाश पिवळसर, तर ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा असतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील सोडियमचे पिवळे दिवे २०१५ मध्ये काढून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा 'क्वीन्स नेकलेस'चे रूप बिघडल्याची टीका झाली व पुढे तेथे पिवळसर छटेचे एलईडी आले. हा केवळ सौंदर्याचा मुद्दा नव्हे. रात्रीच्या निळसर प्रकाशाचा झोपेवर परिणाम होतो, म्हणून शयनगृहात उबदार छटा योग्य ठरते.

सीएफएलप्रमाणे एलईडीत पारा नसतो. तरीही त्यातील मंडलामुळे निकामी दिवा ई-कचऱ्यात मोडतो आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा लागतो. अशी केंद्रे प्रामुख्याने शहरांत असल्याने खेड्यांतील बंद पडलेले दिवे आजही बहुतांशी उकिरड्यावर किंवा भंगारवाल्याकडे जातात.